दूध, गोळ्या आणि मावशीची अब्रू

मंडळी, जव्हारच्या सायबर कॅफेत बसून लिहितेय, कारण घरी थांबले असते तर तोंडातून काहीतरी निघालं असतं.

सकाळी मावशी माझा नवा ब्लाउज नीट बसतो का ते बघत होती. छातीशी ओला डाग दिसला तशी तिनं दार लावलं आणि विचारलं, "कुणाचं आहे?" माझं लग्न झालेलं नाही.

मी सांगून टाकलं. घरी अ‍ॅसिडिटीच्या म्हणून सांगते त्या गोळ्या डिप्रेशनच्या आहेत. अशा काही गोळ्यांनी एखादीचं प्रोलॅक्टिन वाढतं, म्हणजे दूध आणणारं हार्मोन. मग पाळीही चुकते. नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त तपासलंय, ते गोळी बदलून देणार आहेत.

"चार पोरं काढलीत मी, मला शिकवतेस?" म्हणत मावशी जीपनं मोखाड्याला गेली, गरोदरपणाची चाचणी आणायला. जव्हारचा मेडिकलवाला ओळखीचा ना. साठीची बाई तोंडाला पदर लावून ती पट्टी मागतेय, हे डोळ्यांसमोर आणा.

चाचणीत काही निघालं नाही. मला वाटलं, आता तरी हिला हायसं वाटेल.

मावशी कपाळाला हात लावून बसली. "पोटात पोर असतं तर घाईनं लग्न उरकलं असतं गं. डोक्याच्या गोळ्या खाणारीला कोण करून घेणार?"

उद्यापासून मी गोळी तिच्यासमोरच घेणार आहे.

तुमच्यातल्या कितीजणी अजून अ‍ॅसिडिटीच्या म्हणून गिळताय?