हेल्थकेअरच्या रकान्यात बकऱ्या

चारही कॉट कोऱ्या होत्या. पायांवरचं पॅकिंगचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या होत्या, आणि खिडकीजवळच्या कॉटवर नागलीचे पापड वाळत होते.

"सिस्टर, सध्या इथे किती जणी राहतात?" मी विचारलं.

"एकही नाही. पापड माझे आहेत."

मी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. त्यात 'लाभार्थींची संख्या' असा रकाना होता. पापडांसाठी काही नव्हतं.

मी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम करते. आम्ही गाड्यांचे सुटे भाग बनवतो. मी मात्र सीएसआरमध्ये आहे. कंपनीने नफ्यातला काही हिस्सा समाजाच्या कामासाठी द्यायचा असतो, त्याला सीएसआर म्हणतात. आमचं डिपार्टमेंट म्हणजे मी आणि अर्धे भामरे सर. उरलेले अर्धे भामरे सर एचआर सांभाळतात. संस्थांचे अर्ज वाचायचे, ते कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये बसवायचे, कमिटीपुढे ठेवायचे आणि मंजूर झालेलं काम खरंच झालं का ते जाऊन बघायचं, हे माझं काम. त्या शेवटच्या भागाला मॉनिटरिंग व्हिजिट म्हणतात. एप्रिलमधल्या त्या दुपारी मी तेच करत होते.

मोठ्या संस्थांचे अर्ज चकचकीत येतात. त्यांच्याकडे इंग्रजीत लिहिणारी माणसं असतात. लहान संस्थांचं येतं ते हाताने लिहिलेलं पत्र, किंवा व्हॉट्सअॅपवर त्याचा तिरका फोटो. नोकरीला लागल्यावर मी भामरे सरांच्या मागे लागले होते की एक तरी लहान संस्था घ्या. ते कमिटीत माझ्या वतीने बोलले, आणि सिस्टरांचा अर्ज आत आला.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. पेठ तालुक्याच्या डोंगराळ भागात सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर दोन मैत्रिणींना घेऊन त्यांनी संस्था काढली आणि सरकारी दवाखान्यापासून पाच मिनिटांवर दोन खोल्यांचं घर घेतलं. लांबच्या पाड्यांवरच्या बायकांनी दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं, कळा सुरू झाल्या की चालत दवाखान्यात जायचं. एवढंच काम. नाहीतर पाड्यावरून रस्त्यापर्यंत पायी, मग जीप मिळाली तर जीप, मग घाट.

"मग बायका का येत नाहीत?"

"मॅडम, मी पडवी लिहिली होती. तिसऱ्या पानावर."

मला ते पान आठवत होतं. अक्षरासकट आठवत होतं. मी इंग्रजी माध्यमात शिकले, हाताने लिहिलेलं मराठी मला हळू वाचता येतं. चार पानांचा तो अर्ज मी दोन दिवस बसून इंग्रजीत केला होता. तिसऱ्या पानावर मधेच एक ओळ होती: 'बकऱ्यांसाठी पडवी, बांबू व पत्रे.' मला वाटलं, सिस्टर शेळीपालन करत असाव्यात आणि ते खुबीने अर्जात घातलंय. कमिटी हे बघून हसेल आणि सगळा अर्जच परत येईल. मी ती ओळ काढली. तिच्या जागी चार कॉट, गाद्या, आणि दुसऱ्या टप्प्यात आरोग्याचे व्हिडिओ दाखवायला एक टीव्ही घातला. प्रपोजल दहा मिनिटांत पास झालं. "वेल ड्राफ्टेड," भामरे सर म्हणाले होते.

सिस्टरांना एक फोन करून विचारता आलं असतं. मी केला नाही. मला अनोळखी माणसांना फोन करायला आवडत नाही. एवढंच कारण होतं.

"तुम्ही तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"देणाऱ्याला काय बोलायचं? म्हटलं, कंपनीचा काही विचार असेल." मग त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि नव्या नर्सला समजावावं तसं सांगितलं. "इथले पुरुष दिवाळीनंतर द्राक्षबागांवर जातात. दिंडोरी, पिंपळगाव. परत येतात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. घरात मागे बाई, सासू आणि बकऱ्या. बाई इथे राहायला आली की सोबत सासू येणार. मग बकऱ्या कोण पाहील? शेजारीण एक रात्र बांधून घेईल, दहा दिवस नाही. बिबट्या फिरतो."

"मग आधी कशा येत होत्या?"

"बकऱ्या घेऊन. शेजाऱ्याची पडवी होती ना. दिवसा सासू मागच्या उतारावर चारायची, रात्री पडवीत. गेल्या वर्षी त्याने पडवी पाडून स्लॅब टाकला. तेव्हापासून बाया बंद."

मग त्यांनी एका पाड्यावरच्या हिराचं सांगितलं. हिरा फेब्रुवारीत घाटात, जीपमध्येच बाळंत झाली होती. मुलगी वाचली. हिराला नाशिकला हलवून रक्त चढवावं लागलं. आता बरी आहे, पण अजून हंडा उचलवत नाही.

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. कॉट डिसेंबरमध्ये आल्या होत्या. मी ती ओळ काढली नसती तर डिसेंबरमध्ये पडवी झाली असती. हे त्या म्हणाल्या नाहीत. मला कळलं.

"आता पुढची कोण आहे?" मी विचारलं.

पुढची सखू होती. सिस्टर मला तिच्या पाड्यावर घेऊन गेल्या. वाटेत ओढ्यावर एक फरशी लागली, म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल. पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो आणि पाडा पलीकडे राहतो. सखूचे दिवस जूनमध्ये भरणार होते.

"या मॅडमच्या कंपनीने कॉट दिल्या," सिस्टरांनी ओळख करून दिली.

सखूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कॉटखाली बकऱ्या बांधल्या त चालंल का?"

"तू वर, बकऱ्या खाली," तिची सासू म्हणाली. "न मी कुठं? पत्र्यावर?"

दोघी खूप हसल्या. मीही हसले, जरा उशिरा. मग सखूने हसणं थांबवलं.

"ताई, मला काय मरायची हौस नाय. गेल्या टायमाला वाटेतच झालं. पोर नाय राहिलं. पन ह्या अकरा बकऱ्या हायेत म्हून घरात मीठ-मिरची हाय. त्यांला जागा द्या. मी उद्या येते."

मी ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून घेतलं. आखाजी तोंडावर होती आणि जूनला दीड महिना उरला होता.

दुसऱ्या दिवशी मी भामरे सरांच्या केबिनमध्ये उभी होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सानिका, कॉट पोचल्या. फोटो आहेत. रिपोर्टमध्ये लिही, सुविधा वापरासाठी सज्ज. हे खोटं आहे का?"

"नाही सर."

"मग?"

"कुणी वापरत नाही."

"पुढच्या वेळी जाशील तेव्हा चार बायका बसव कॉटवर. एक फोटो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही बसवणार, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची भीती खरी होती, आणि ती त्यांनी सांगितलीही. "कमिटीला सांगितलं की कॉट पडून आहेत, तर ते काय म्हणतील? बघा, या छोट्या संस्था. पुढच्या दहा संस्थांचं दार बंद होईल. तूच त्यांच्यासाठी माझ्या मागे लागली होतीस ना?"

"सर, चूक संस्थेची नाही. ओळ मी काढली. तसं मीच सांगते."

"तुझं कन्फर्मेशन जूनमध्ये आहे. लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

त्यांनी चष्मा परत घातला. "गुरुवारी मीटिंग आहे. पाच मिनिटं मिळतील."

कमिटीच्या टेबलाभोवती चौघं होते आणि मधे प्लांट हेड व्यवहारे सर. मी स्क्रीनवर एकच गोष्ट लावली, सिस्टरांच्या अर्जाचं तिसरं पान. त्या ओळीभोवती लाल गोल केला होता.

"ही ओळ मी काढली होती," मी म्हटलं. "संस्थेला न विचारता. त्यामुळे आपल्या चार कॉटवर आजपर्यंत कुणी झोपलेलं नाही."

व्यवहारे सरांनी मान पुढे काढून वाचलं. "बकऱ्या? हा हेल्थकेअरचा प्रोजेक्ट आहे ना?"

मी फरशी, द्राक्षबागा, सासू, बिबट्या सगळं सांगितलं. वहीतलं सखूचं बोलणं वाचून दाखवलं.

"अॅनिमल वेल्फेअरमध्ये टाका की," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "कायद्याच्या यादीत बसतं ते."

सगळे हसले. वाट सोपी होती. भामरे सरांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, घे.

"नको सर," मी म्हटलं. "मग वर्षअखेरीस बकऱ्यांचं काय भलं झालं ते लिहावं लागेल. मला बायका किती आल्या ते लिहायचंय."

व्यवहारे सर मागे टेकले. "पण मला एक सांग. बाळंतपण आठवड्यावर आलंय आणि बाई बकऱ्यांसाठी घरी थांबते? हा अवेअरनेसचा प्रश्न आहे. व्हिडिओ दाखवा त्यांना."

याचं उत्तर मी तयार करून आणलं नव्हतं. जे तोंडात आलं ते बोलले.

"सर, दिवाळीत तुमची केरळची ट्रिप रद्द झाली. ब्रूनोचं हॉस्टेल फुल होतं म्हणून."

ब्रूनो हा सरांचा लॅब्रॅडॉर. ही गोष्ट ते स्वतःच कॅन्टीनमध्ये रंगवून सांगायचे. पण ते सांगणं वेगळं आणि प्रोबेशनवरच्या मुलीने मीटिंगमध्ये सांगणं वेगळं. भामरे सर स्वतःच्या पेनाकडे बघत होते.

"ब्रूनो दूध देत नाही," व्यवहारे सर म्हणाले. "हिच्या बकऱ्या निदान घर तरी चालवतात." मग भामरे सरांकडे वळून, "टीव्ही घेतलाय का?"

"नाही सर. दुसरा टप्पा."

"तो कॅन्सल करा. पडवी करा. हेल्थकेअरमध्येच." मग माझ्याकडे. "आणि पुन्हा कुणाच्या अर्जातली ओळ काढायची असेल, तर आधी त्याला विचारायचं."

"हो सर."

संध्याकाळी मी सिस्टरांना फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. पहिल्याच वाक्यानंतर त्यांनी विचारलं, "पत्रे किती फुटी?" कागदावर ते नव्हतं. पुढे आम्ही वीस मिनिटं बोललो.

आखाजीला पुरुष परत आले. सखूच्या नवऱ्याने आणि इतर तिघांनी चार दिवसांत पडवी उभी केली. उद्घाटनाला भामरे सर आले. सिस्टरांनी दाराला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण बांधलं होतं. सरांची गाडी घाट चढेपर्यंत एका बोकडाने मागच्या पायांवर उभं राहून ते निम्मं संपवलं. अॅन्युअल रिपोर्टमध्ये जो फोटो आहे, त्यात तोरण एकाच बाजूला का आहे असं मला दोघांनी विचारलं.

सखू जूनच्या पहिल्या आठवड्यात आली, फरशी कोरडी असताना. ती जीपने, सासू आणि अकरा बकऱ्या चालत. चार दिवसांनी फरशी पाण्याखाली गेली. त्यानंतर तिसऱ्या सकाळी सखू सासूच्या खांद्यावर हात ठेवून दवाखान्यात चालत गेली. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. त्या पावसाळ्यात घर रिकामं राहिलं नाही. कॉट सासवांनी पटकावल्या, सुना गादी खाली घेऊन झोपतात. खाली बरं वाटतं म्हणतात.

माझं कन्फर्मेशन तीन महिने पुढे गेलं. पत्रात कारण दिलं होतं, 'कम्युनिकेशन सुधारणे आवश्यक.' ते बरोबरच होतं.

सिस्टरांचा जूनचा रिपोर्ट हाताने लिहिलेला आला. त्यात एक ओळ होती: 'बाळंतपणे दोन, पैकी एक बकरी.' रिपोर्ट इंग्रजीत टाइप करताना माझा कर्सर त्या ओळीवर थांबला. मी फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, राहू दे. राहू दिली.

आता आमच्या फॉर्मच्या शेवटी मी एक रिकामा रकाना घातला आहे: 'आम्ही विचारलं नाही, पण तुम्हाला लागतं असं काही?' परवा इगतपुरीच्या एका चार माणसांच्या संस्थेने त्यात लिहिलंय, 'दोन डझन शिट्ट्या.' संस्था वृद्धांसाठी काम करते. शिट्ट्या कशाला, मला अजिबात कळलेलं नाही. फोन लावलाय. रिंग जातेय.