विलासदादाचा डबा आणि घरामागची भेग

डबा फुटला तेव्हा आम्ही सगळ्यांनी वानरांना शिव्या दिल्या.

वानरांनी काहीच केलं नव्हतं.

आज विलासदादाला जाऊन वर्ष झालं. माझा सख्खा चुलतभाऊ. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात मेंटेनन्सला होता. घरी आला की हातात सोल्डरिंग गन. तोच त्याचा टीव्ही, तेच त्याचं क्रिकेट.

आमची वाडी मावळात, डोंगराच्या पायथ्याला. घरांच्या मागच्या चढावर जमिनीला एक भेग होती. जुनीच. गुरं ओलांडून जायची.
दादाला मात्र ती कधी आवडली नाही.

त्याने भेगेच्या वरच्या बाजूला एक लोखंडी खुंटी ठोकली, खालच्या बाजूला एक. खालच्या खुंटीवर स्क्रूने प्लास्टिकचा काळा डबा बसवला, आत सर्किट. वरच्या खुंटीपासून डब्यातल्या पिनेपर्यंत ताणलेली तार.
भेग रुंदावली की तार पिन ओढणार, आणि घरातला भोंगा वाजणार.

ऐन पावसाळ्यात तो डबा गवतात पडलेला सापडला. झाकणाला तडा, स्क्रू बसवायचे बाजूचे कान तुटलेले.
भोंगा वाजला नव्हता.

मी उर्सेजवळ प्लास्टिक मोल्डिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणून दादाने डबा माझ्यापुढे ठेवला.
"वानरानं उपटला. जोडून दे."

मी तुटलेले कान उजेडात धरले.
काळ्या प्लास्टिकच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"दादा, हे वानराचं काम नाही."
"मग?"
"झटका बसला असता तर सरळ तुकडा पडला असता. प्लास्टिक असं पांढरं पडतं ते हळूहळू ओढल्यावर. हे बरेच दिवस ताणलं जात होतं."

त्याने डबा परत हातात घेतला. पिन हलवून बघितली. गंजून जाम झाली होती.

"म्हणजे पिन निघालीच नाही. तारेनं सगळा डबाच ओढला," तो म्हणाला.
"किती सरकली असेल वरची खुंटी?"
"कान तुटेपर्यंत."

आम्ही दोघांनीही मागच्या दाराकडे पाहिलं. बाहेर धुकं होतं. डोंगर दिसतच नव्हता.

लगेच कामाला बसलो. तडा पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं. आतून पॉलिश पेपर मारला. फटीत खाण्याचा सोडा भरून वर सुपर ग्लू सोडला, दगडासारखं घट्ट झालं. मग स्टीलच्या जाळीचा तुकडा गरम गनने प्लास्टिकमध्ये दाबून बसवला. कानांखाली अॅल्युमिनियमची पट्टी, मोठे वॉशर.
दादाने पिन पितळेची केली.

काकी आतून ओरडली, "काय जाळताय रं? सैपाकाला वास लागतोय."
"झालंच आई."
"त्या डोंगराला कळतंय व्हय तुमचा डबा?"

डबा परत बसवायला गेलो तेव्हा भेगेत माझा अख्खा हात गेला. आधी बोटंसुद्धा जात नव्हती.

काही दिवसांनी भोंगा वाजला. सगळी वाडी खालच्या विहारात जाऊन बसली.
काहीच झालं नाही. संध्याकाळी सगळे घरी परतले.

शेजारचे आबा म्हणाले, "चिकटवलेला डबा त्यो. त्याचा काय भरवसा?"
पिन परत बसवून आलेला दादा हसला. पण ते त्याला लागलं, मला दिसलं.

दुसऱ्यांदा वाजला तो सकाळी, चुली पेटलेल्या असताना. दादा घरोघर फिरला. लोक कुरकुरत आले, पण आले. ओले, चिडलेले, पोरं रडतायत.
कुणीतरी बोललंच, "आमी न्हाई आता परत येणार."

दादा विहाराच्या दारात उभा होता.
"मी बघून येतो."
"काय बघायचंय?"
"कान तुटून डबा पडला आणि त्यानंच पिन निघाली असेल, तर उगाच लोकांना पावसात आणलंय."
"तुटणार नाहीत. मी केलंय ते काम."
"तरी एकदा बघतो. लांबूनच."

मी त्याचा शर्ट धरला होता. त्याने माझी बोटं हळूच सोडवली.

आवाज फार मोठा नव्हता. खडीचा डंपर रिकामा करताना येतो, तसा. फक्त तो थांबेना.

वरच्या आळीतली घरं गेली. एकाही घरात माणूस नव्हतं.
वाटेवर दादा होता.

ढिगारा उपसणाऱ्या पोरांना नंतर डबा मिळाला. पिन बाहेर आलेली. कान जागच्या जागी.
काकीने तो हातात घेतला नाही.

ती आता माझ्याकडे असते. पाऊस वाढला की जेवत नाही, खिडकीशी बसून राहते.

वाडीतली बरीच माणसं परत वर राहायला गेलीत. भात लावायचा, गुरं सांभाळायची, जाणार कुठे?
परवा मी गेले होते. डोंगराच्या उरलेल्या अंगाला नवी भेग दिसली.
आबांना विचारलं.
"हाय जरा," ते म्हणाले. "पर बारीक हाय."

आज दुपारी विहारात दादाच्या वर्षाचं पुण्यानुमोदन आहे. मित्रांनो, नक्की या. जेवणं झाली की मी सगळ्यांना ती भेग दाखवायला नेणार आहे, आबांनाही. आणि त्यानंतर कुणाला वर झोपू देणार नाही. भांडण झालं तरी चालेल.

दादा, आम्ही सगळे आहोत. तू नाहीस.
जड मनाने निरोप.
जयभीम.