माझ्या वजनाचा गूळ

माझ्या वजनाची मालकी माझ्याकडे कधीच नव्हती. ती आमच्या गावदेवीकडे होती आणि देवीच्या वतीने सगळा कारभार आई बघायची.

मी सातव्या महिन्यात जन्मले. मिठबावच्या ह्याच घरात, ह्याच माजघरात. आई सांगते, मला सुपात कापसावर ठेवलं होतं आणि तरी सूप अर्धं रिकामंच होतं. माझ्या आधीची तिची मुलगी अशीच लहानखुरी होती, ती बारशापर्यंतही टिकली नव्हती. त्यामुळे मला बघायला येणाऱ्या बायका दारातच आवाज खाली करायच्या. आईला त्या खाली केलेल्या आवाजांचा फार राग आला. तिने माजघरातूनच देवळाच्या दिशेने हात जोडले आणि नवस बोलली, की हिला अंग धरू दे, मी हिच्या भाराइतका गूळ तुला घालीन.

मग मी अंग धरलं. चांगलंच धरलं.

आमच्या देवळात जत्रेच्या दिवशी सभामंडपाच्या तुळईला मोठा तराजू टांगतात. नवसाचं मूल एका पारड्यात बसवतात आणि दुसऱ्यात नारळ, तांदूळ, गूळ, जे काय बोललेलं असेल ते घालतात. ह्यालाच तुला म्हणायचं. शाळेत असताना मी दर वर्षी त्या तराजूपुढे उभी राहून विचारायची, माझी कधी? फणस पिकला की नाही ते बघावं तसं आई मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "अजून वायच अंग धरूंदे, मगे करूया."

वायच म्हणजे थोडंसं. हे थोडंसं काही संपेना. माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, देवगडला तालुक्याच्या कचेरीत खुर्ची मिळाली आणि त्या खुर्चीत बसून बसून मी नव्वद किलोंना टेकले. लग्न जमलं नाही, त्याचं मला फारसं काही वाटलंही नाही. बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. तरी दर जत्रेला आईचं उत्तर तेच. मला वाटायचं, म्हातारीला गुळाचा खर्च जड जातोय. मी तिला तसं चिडवायचीही.

मग एका आंब्याच्या दिवसांत गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, साखर उंबरठ्यावर उभी आहे, आत घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. औषध नको असेल तर घरच्या घरी करा. रोज चाला, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, भात अर्ध्यावर आणा, चहातली साखर बंद, रात्रीचं जेवण लवकर. मी विचारलं, हापूस? तर म्हणाले, एखादी फोड. देवगड तालुक्यात बसून हे सांगायला छाती लागते.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टराक काय कळता? तेणां तुका सुपात बघूक नाय." आणि दुसऱ्या दिवशी शिरवाळे केले. गरम शेवया आणि वर नारळाच्या दुधातला गुळाचा रस. वेलचीचा वास पडवीपर्यंत. मी ताट सरकवलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ह्या अंग तुझा न्हय, देवीचा आसा. तू कोण ता कमी करणारी?"

कचेरीत माझ्या आवाजाला माणसं वचकून असतात, पण घरी माझं काही चालत नाही. मी गुपचूप उठले आणि भेंडीची भाजी वाढून घेतली.

चालायला सुरुवात केली ती रस्त्यावर. पण आमच्या गावात रस्त्यावरून नुसतं चालता येत नाही. "खंय चललंस गो?" ह्याला उत्तर द्यावं लागतं, आणि कुठेच नाही असं म्हटलं की माणसं काळजीत पडतात. एकीने मला अर्ध्या वाटेत थांबवून चहा पाजला, साखरेचा. मग मी रस्ता सोडला आणि आपल्याच आवारात फेऱ्या घालू लागले. तुळशीपासून निघायचं, विहिरीला वळसा, मग माडांच्या रांगेतून आंब्याच्या कलमांपर्यंत आणि अवजारं ठेवायच्या मांगराच्या मागून पुन्हा तुळशीकडे. पंप बंद करून पाणी रहाटाने ओढायला लागले. मग पडवीच्या बाकावर उठ-बस.

त्या पहाटांतली एकेक अशी मला आठवत नाही. सगळ्या मिळून एकच लांब पहाट झाली आहे. खाडीवरून धुकं यायचं आणि माडांची बुडं दिसेनाशी व्हायची, नुसते शेंडे वर. समुद्राची गाज कधी डाव्या कानात, कधी उजव्या, मी कुठल्या अंगाने वळते आहे त्याप्रमाणे. पहिल्या फेऱ्यांना धाप असायची, गुडघे कुरकुरायचे, स्वतःचाच राग यायचा. मग कुठल्या तरी फेरीत राग गळून पडायचा. झोप पुरती उतरलेली नाही आणि जागही आलेली नाही, अशा त्या वेळी मला वाटायचं की मी फार पूर्वीपासून हेच करते आहे, आणि घर मध्ये उभं राहून मला मोजतं आहे. पायांखालची माती गार असायची. ओल्या पाचोळ्याचा वास यायचा. मला फार बरं वाटायचं, एवढंच खरं.

आणि पडवीत आई बसलेली असायची. अंगावर चादर, हातात चहाचा कप, डोळे माझ्यावर. शेजारच्या काकींनी कुंपणावरून बघितलं आणि विचारलं, "कसले फेरे गो घालता ता?" आई पटकन म्हणाली, "नवस आसा." मुलगी बारीक व्हायला बघते आहे हे सांगायची तिला लाज वाटली. काकींनी तिथूनच हात जोडले, आणि तेव्हापासून वाडीत माझ्या फेऱ्यांना कुणी अडवलं नाही.

ताटही हळूहळू बदललं. सकाळची पेज राहिली, पण सोबत मुगाची उसळ आली. आमटीतलं खोबऱ्याचं वाटप कमी झालं, तळलेल्या बांगड्याऐवजी कालवणातला आला. आधी आठवडाभर जिभेने माझ्याशी अबोला धरला. मग वालीच्या शेंगेची गोडी कळायला लागली, जी इतकी वर्षं नारळाखाली दबलेली होती. श्रावणात पाऊस आवारात फिरू देईना तेव्हा मी पडवीतच येरझाऱ्या घातल्या, आईच्या पायांवरून उड्या मारत. एक दिवस ब्लाऊज खांद्यावरून घसरला आणि मी आरशासमोर एकटीच हसले.

आई हसली नाही. त्याच सुमाराला मला कळलं, की रविवारी दुपारी माझा डोळा लागला की ती येऊन बसते आणि माझं मनगट हातात घेते. अंगठा आणि बोट जुळवून बघते. आधी ती दोन बोटं भेटत नसत, आता भेटायला आली होती. एकदा मी जागी होते, पण डोळे उघडले नाहीत. तिने मनगट सोडलं आणि माझ्या नाकापुढे हात धरला. श्वास बघत होती. एवढी मोठी बाई मी, कचेरीत शिक्के मारणारी, आणि ती माझा श्वास बघत होती.

नवरात्राच्या आधी मी विषय काढला. आई पडवीत झाप घेऊन माडाच्या पातींतले हीर काढत बसली होती, केरसुणीसाठी. मी म्हटलं, "आई, देवीचं नुकसान होतंय म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय ना? मग ह्या जत्रेला माझी तुला करून टाक. अजून बारीक व्हायच्या आत."

"औंदा नको."

"का नको? लहान होते तेव्हा नको, जाड झाले तेव्हा नको, आता बारीक होतेय तरी नको. गुळाला एवढा कसला गं चिकटपणा करतेस? गूळ मी आणते."

तिचा कोयता थांबला नाही. हीर पातीपासून सुटत होता आणि बाजूला पडत होता. मान खाली घालूनच ती म्हणाली, "देणा आसा तवसर देवी लक्ष ठेवन आसता. फेडून टाकला की ती मोकळी. मगे तुझ्याकडे कोण बघतलो गो?"

इतक्या जत्रा तिने मला त्या तराजूपुढून परत आणलं होतं ते ह्यासाठी. बाकीच्या आया नवस फेडायची घाई करतात, राहून गेला तर देवी कोपेल म्हणून. माझ्या आईने उलटा हिशेब धरला होता. येणं बाकी असलेला सावकार जसा आपल्या कुळाला मरू देत नाही, तशी तिने देवीला माझ्यात अडकवून ठेवली होती. आणि मी जाड होत गेले ते तिला हवंच होतं, कारण जितकी मी जड तितकं देवीचं येणं मोठं. आता मी रोज पहाटे उठून ते येणं कमी करत होते, तिच्या डोळ्यांदेखत.

मी तिच्याजवळ बसले आणि पडलेले हीर गोळा करायला लागले. तेवढंच सुचलं.

दसरा झाल्यावर एका पहाटे मी तुळशीपाशी आले तर आई पडवीतून खाली उतरली. चप्पल न घालताच. तिने माझा दंड धरला आणि माझ्याबरोबर चालायला लागली. मी पावलं लहान केली. विहिरीपाशी ती थांबली, मी रोजच्यासारखी कळशी ओढायला घेतली, तेव्हाही तिने दंड सोडला नाही. दोर वर येत होता आणि तिची बोटं माझ्या दंडावर होती. कळशी काठावर टेकवली तेव्हा ती म्हणाली, "हात घट झालो गो तुझो."

घट म्हणजे टणक. मी बारीक होते आहे म्हणजे झिजते आहे, असं ती इतके दिवस समजत होती. ती सुपातली मुलगी आणि तिच्या आधीची, जिला मी कधी बघितलं नाही, त्या दोघी तिला माझ्या मनगटात दिसत होत्या. उरलेली फेरी आम्ही तशीच पुरी केली. तुळशीपाशी आल्यावर ती म्हणाली, "औंदा करूया."

जत्रेला मार्गशीर्षातली थंडी होती. पारड्यात पाय ठेवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांगेत सगळी लहान मुलं, आणि ही एक पिकल्या केसांची बाई. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मी डोळे मिटून घेतले. समोर गुळाच्या ढेपा ठेवल्याचे धप्प आवाज येत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग साखळी करकरली आणि माझ्याखालची जमीन अलगद सुटली. मी किंचित झुलले. धुपाचा वास, माणसांचा गलबला, सगळं लांब गेलं. त्या एका क्षणी माझं वजन कुणाचंच नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा माझं पारडं अजून थोडं खाली होतं. अगदी थोडं. एका लहान ढेपेचं काम होतं, आणि ती ढेप आईच्या हातात होती. गुरव वाट बघत उभे होते. आईने माझ्याकडे बघितलं, देवीकडे बघितलं आणि ढेप पदराखाली घेतली.

"झाला," ती म्हणाली.

गुरवांनी काट्याकडे पाहिलं. मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग नजर वळवून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवी माये, ह्या लेकरान भाराइतको गूळ व्हायलो आसा, तो गोड मानून घे. काय उणा-अधिक झाला आसात तर पोटात घाल, आणि हिच्यावर नजर ठेव."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला. सगळ्यांच्या वर आईचा आवाज होता.

ती ढेप आमच्या देवाच्या खोलीत फळीवर पितळी डब्यात आहे. मुंग्या लागू नयेत म्हणून आई डब्याभोवती हळदीची रेघ ओढते. फेऱ्या संपवून मी आत आले की ती माझा दंड दाबून बघते आणि मग एकदा फळीकडे बघते. वजन अजून हळूहळू उतरतंय, डॉक्टर खूश आहेत. घरातला गूळ कधी संपतो, पाहुणे आलेले असतात, कुणीतरी डब्याकडे बोट दाखवतं. मी म्हणते, त्याला हात लावू नका. का म्हणून विचारलं, तर साखरेचं कारण सांगते.