टीचरांचा कॅमेरा

"हें वापरता का?" असं ओरडतच तो गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडायचा. "नाही" म्हटलं की टेबलावर मूठ आदळायची. "मग बॅटरी जाळता कशाला? बंद!"

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडमागे त्याचं लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान, शेजारी माझं झेरॉक्सचं. दोघांच्याही घरी मराठी, म्हणून गट्टी. बॅटरी टिकत नाही अशी तक्रार आली, की तो नवी बॅटरी विकत नसे. न लागणारं एकेक बंद करी: ब्लूटूथ, बोटाचा ठसा वाचणारं यंत्र, सीडीचा खण. राग असा, की हुज्जत घालणाऱ्या एकाचा माउस त्याने भिंतीवर फोडला. मग स्वतःच नवा काढून दिला.

एकदा पापनाशमकडच्या एक टीचर आल्या. वीज गेली की प्रश्नपत्रिका अर्धवट राहायच्या.

याने तपासलं आणि आवाज खाली आणला. "टीचर, कॅमेरा सारखा चालू आहे. कोणीतरी लांबून बघतंय."

त्यांचा चेहरा उतरला. "नवरा," त्या म्हणाल्या. "बंद करा."

त्याने कॅमेरा बंद केला, माइकही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा आला, हातात हेल्मेट. "चालू कसा करायचा, सांग."

"लॅपटॉप टीचरांचा. त्या सांगतील तर करीन."

हेल्मेट तोंडावर बसलं. दात पडले. काचेचं कपाट फुटलं. मग त्या माणसाने याचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि शटर खाली आपटलं. दोनदा. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो ओरडत होता, पण "करतो" म्हणाला नाही.

तुम्ही विचाराल, मी काय केलं? मी माझंही शटर ओढून घेतलं, आतून. नवऱ्याला धरलं ते रिक्षावाल्यांनी.

त्याने मला कधी जाब विचारला नाही. मी तोंड उघडलं की म्हणायचा, "सोड की रे." तीन बोटं पुन्हा वळलीच नाहीत. दुकान विकून तो मुलीकडे मदुरैला गेला. माझ्या शेजारी, त्या जागी, आता चपलांचं दुकान आहे.

मला मात्र तो आठवतो पोलीस ठाण्यातला. तक्रारीवर सही करायची होती. हवालदार म्हणाला, "अंगठा चालेल." हा सुजलेल्या तोंडाने केवढ्यांदा ओरडला! मग डाव्या हाताने, घाम पुसत, एकेक अक्षर काढत बसला. कागद सरकू नये म्हणून टीचरांनी तो धरून ठेवला होता. त्यांचाही ओठ फाटलेला होता.

सही संपली. टीचरांनी कागद हवालदारापुढे सरकवला आणि आपल्यासाठी एक कोरा मागितला.