सईचा कॉन्चेर्टो

परवा रेडिओवर हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोचं जुनं खणखणीत भावंड, वाजू लागलं आणि मी डिशवॉशर बंद केला. वाटलं, आत चमचे खडखडतायत. मग सूर ओळखले. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या थंडगार चर्चमध्ये आमच्या सोळा वर्षांच्या सईने ऑर्केस्ट्राच्या साथीने हाच कॉन्चेर्टो वाजवला होता. बंद दाराआड ही सराव करत नाही, नुसतं रेकॉर्डिंग लावते, असा तेव्हा माझा पक्का संशय. म्हणून मी नोटेशनवर बोट ठेवून हवालदारासारखा बसलेलो. शेवटाकडे ऑर्केस्ट्रा थांबला, सई मात्र एकटीच वाजवत राहिली. माझ्या कागदावर तर तिथे एकच स्वर!

"विसरली! काहीही वाजवतेय," मी बायकोच्या कानाशी कुजबुजलो.

बाहेर आल्यावर सईला विचारलंच.

"बाबा, तो पार्ट आपला आपण कंपोज करायचा असतो! तीन महिने तेच करत होते मी."

गाडीत बायको म्हणाली, "अहो, तिनं स्वतःचं काही केलं, की तुम्हाला ते चुकलेलंच का वाटतं?"