भावकूच्या गाडीचं माप

बेळगुंदीच्या भावकूचं लग्न लागलं तेव्हा त्याला एकावर एक अशा दोन पाटांवर उभं केलं होतं. तरीही नागुबाईला अंतरपाटावरून नवरा दिसत होता आणि नवऱ्याला फक्त अंतरपाट. ती त्याच्यापेक्षा वीतभर उंच. सगळा मांडव हसला. भावकूही हसला, पण त्या दिवसापासून तो फेटा जरा जास्तच उंच बांधू लागला आणि नागुबाई मान खाली घालून चालू लागली. लोक म्हणाले, पोरगी लाजाळू आहे. लाजाळू कसली! तिच्या एका हाकेला गावंदरीच्या म्हशी माघारी फिरत.

मूलबाळ झालं नाही. चौतीस साली भावाभावांत वाटणी झाली आणि यांच्या वाट्याला एक खोली आली, दोन्ही बाजूंना जावांची भांडणं लावून. नागुबाई म्हणाली, “अवं, सौंदत्तीच्या जत्रंला गाडीत झोपतो, तवा किती झ्याक झोप लागती! गाडीतच ऱ्हाऊया की कायमचं. निपाणीची तंबाखू घ्यायची अन् बाजार करत फिरायचं.”

बैल घरचे होते. गाडी हवी होती. लोक सून बघणार नाहीत इतक्या चिकटपणानं भावकूनं गाड्या बघितल्या. निपाणीच्या बाजारात गाडी दिसली की चाक बघणं नाही, आस बघणं नाही, आत चढून सरळ आडवा. एका गाडीत तर तो घोरायला लागला.

“अण्णा, गाडी घेताय का मुक्काम करताय?” मालकानं विचारलं.

“मुक्कामच करायचाय. जल्माचा.”

भावकू पसंत करायचा, पण नागुबाई आत बसली की वरच्या तट्ट्याच्या छपराला तिचं डोकं थडकायचं. शेवटी ठरलं, गाडी बांधूनच घ्यायची.

येळ्ळूरच्या परशराम सुताराकडं दोघं गेली. तिथं नेहमीप्रमाणं पाच-सहा रिकामी माणसं बसलेली. छप्पर उंच करायचं ठरलं. पुढं भांड्यांची पेटी, मागं तंबाखूची, दोन्ही पक्क्या ठोकलेल्या आणि मधे झोपायची जागा. परशराम मापाची काठी घेऊन उठला. “मधली जागा किती लांब करू? दोघांत जे उंच असंल त्येचं माप द्या.”

कुणीतरी खोकलं.

भावकू फेटा सावरत म्हणाला, “माझं घे की! बाप्याचं माप घ्यायचं सोडून बाईचं घेतोस व्हय?”

परशरामनं नागुबाईकडं बघितलं. तिनं मान आणखी खाली घातली. “व्हय. त्येच उंच हाईत.”

गाडी झाली. खणाचा पडदा, चुलीचे तीन दगड, आढ्याला तुळशीची माळ. बाजारातले लोक मुद्दाम बघायला यायचे. भावकू सकाळी हातपाय ताणत उठायचा आणि म्हणायचा, “राजालाबी अशी झोप न्हाय!” नागुबाई कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची.

“अगं, पाय पसर की.”

“अशी झोपले की ऊब ऱ्हाती.”

मे महिन्यातही तिला ऊब लागायची. सकाळी ती गुडघ्यांना तेल चोळत बसायची. भावकू वाईट नव्हता हो. चढ आला की स्वतः उतरून चालायचा, तिला उतरू द्यायचा नाही. म्हणायचा, “तुझं गुडघं दुखत्यात.” का दुखतात हे मात्र अकरा वर्षांत त्यानं विचारलं नाही.

यमकनमर्डीच्या बाजाराला तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. बेळगुंदीला न्यायची तर त्याच गाडीतून. बाजारातल्या बायकांनी तिचे पाय सरळ केले आणि नागुबाई गाडीत मावेना. डोकं पुढच्या पेटीला टेकलं, तर टाचा मागच्या पेटीवर चढत होत्या.

एक बाई हळूच म्हणाली, “गुडघं दुमडूया काय?”

“न्हाय!” भावकू ओरडला. “आता न्हाय.”

त्यानं तंबाखूची पेटी हातांनी उपटली, खिळ्यांसकट. हात फाटले. पेटी तिथंच रस्त्यात पडून राहिली आणि गाडी निघाली. घरापर्यंत तो बैलांच्या पुढं चालत आला, एकदाही मागं न बघता.

तेराव्यानंतर तो परशरामकडं गेला. तीच माणसं बसलेली.

“गाडी लांब करून दे.”

“आता कशाला, अण्णा? तुमी एकटंच. तुमच्याच मापाची हाय की.”

भावकूनं फेटा काढून खाली ठेवला. तळवा टाळूवर टेकवला आणि तिथून वर नेला, वीतभर.

“एवढी हुती ती,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “माझ्यापरास उंच. हे माप घे.”

या खेपेला कुणी खोकलं नाही. परशराम काठी शोधायला आत गेला. तो परत येईपर्यंत भावकूचा हात तसाच वर होता.