मामूंचे दोन श्वास

पाण्यात उतरण्याआधी मामू फक्त दोन श्वास घ्यायचे. तिसरा कधीच नाही. खडकावर पाय सोडून गप्प बसायचे, बिस्मिल्ला म्हणायचे, दोनदा छाती भरून घ्यायचे आणि खाली. मग त्यांच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक हातात धरून मोजत बसणं माझ्याकडे. पंचेचाळीस व्हायच्या आत ते हमखास वर येत. तरी पस्तिसापासून मी भीतीने दोरी मनगटाला गुंडाळायला लागायचे.

मामू म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. उमेदीची वर्षं गल्फमध्ये काढून रत्नागिरीला परतले आणि शिणाणे काढायला लागले. शिणाणे म्हणजे पाण्याखालच्या खडकांना चिकटलेले हिरवे शिंपले, ते ओहोटीला बुडी मारून काढायचे. दोरी धरायला घरचंच माणूस हवं, हा त्यांच्या घरातला रिवाज. मामी गुडघ्यांमुळे घरी बसली आणि रविवारची दोरी माझ्याकडे आली. तेव्हा मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवत होते. एवढी घाबरट बाई दोरीला कशाला, असं कुणी म्हटलं की मामू हसायचे. "भित्र्या मानसाच्या हातात दोरी असली की मी निर्धास्त. शूर मानूस आकडे मोजतो, पन भ्यायचा विसरतो."

पाण्याखाली घाई करायची नाही, हा त्यांचा दुसरा नेम. "हात मारशील तितका दम लवकर सरतो गो. मांड्यांत आग लागते." एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्यांना त्याचं शास्त्र सांगितलं. आपल्या पेशी साखर जाळून शक्ती मिळवतात. ऑक्सिजन असला की ती पुरती जळते आणि भरपूर शक्ती देते. ऑक्सिजन कमी पडला की स्नायू अर्धवटच जाळतात, शक्ती जेमतेम मिळते, लॅक्टिक आम्ल साचतं. मामूंनी मामीच्या चुलीकडे बघितलं. "म्हंजे एक फुंकून पेटवलेली चूल, नि एक धुमसती. धुमसतीवर भात शिजायचा नाय."

"भात नाही, पण चहाचं आधण येईल," मी म्हटलं. "हातपाय तेवढ्यावर थोडा वेळ चालतात. मेंदू मात्र नाही चालत."

"मग मेंदू घरी ठेवून जावं," असं म्हणून ते मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही.

त्यांचं वय वाढत होतं आणि माझी काळजीही. माझे आकडे पंचेचाळिसाजवळ पोचल्यावर वर येताना त्यांचे ओठ फिके दिसायला लागले होते. मी बरेच दिवस विचार केला आणि मला एक शहाणपण सुचलं. दोनच श्वास का? दहा-बारा खोल श्वास भराभर घेतले तर रक्तात ऑक्सिजन जास्त जाईल, जीवाला तेवढीच सवड. मामू नको म्हणाले. मी पुस्तकातलं आहे असं सांगितलं. ते पुस्तकात नव्हतं, माझ्या डोक्यातलं होतं. पण मास्तरणीचं मन मोडायचं नाही म्हणून त्या रविवारी त्यांनी बारा श्वास घेतले.

पंचेचाळीस झाले. पन्नास झाले. मला आनंद झाला, हे मी आज लपवत नाही. साठाला मी स्वतःवर खूश होते. पासष्टाला हातातली दोरी सैल लागली. मी जिवाच्या आकांताने ओढली. मामू वर आले ते ओठ निळे, डोळे अर्धे मिटलेले. त्यांचं तोंड पाण्याबाहेर धरून मी नुसती किंचाळत होते. मग ते खोकले, आणि छाती हलली.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "या टायमाला खालती जीव घाबरलाच नाय गो. रोज घाबरतो, म्हनून वर येतो."

नंतर मी शोधून वाचलं. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. बारा श्वासांनी मी तोच घालवून टाकला होता, आणि ऑक्सिजन फारसा वाढलाच नव्हता. मामूंच्या आतली घंटा मी काढून घेतली होती.

घरी त्यांनी पाय कपारीत अडकला असं सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत. संध्याकाळी बंदरावर बसायचे, मला बघून म्हणायचे, "काय मास्तरीण, वर्ग बरा चाललाय ना?" दर वेळी मला खरं सांगायचं असायचं, की ते बारा श्वास पुस्तकातले नव्हते आणि त्यांनीच घात केला, आणि दर वेळी मी भित्री ठरले.

गेल्या पावसाळ्यानंतर ते गेले, घरात, साध्या तापाने. तिसऱ्या दिवशीची जियारत, त्यांच्यासाठीची दुआ, आटोपली, माणसं पांगली, आणि मी मामीसमोर रडत सगळं बोलून टाकलं.

मामी बशा गोळा करत होती. "त्याच दिवशी सांगितलानी मना," ती म्हणाली. "म्हनाले, त्या बारा श्वासांनीच घात केला, पन मना म्हाईत हाय ते पोरीला कळू देऊ नको. ती शिकवायची बंद होईल."

दुसऱ्या दिवशी दहावीला नेमका श्वसनाचा धडा होता. पुस्तक मिटून मी मुलांना माझी चूक सांगितली, पहिल्यापासून. मग म्हटलं, आता दोन श्वास घ्या आणि दम रोखून धरा, जीव घाबरला की लगेच सोडा, त्यात लाज नाही. मी मोजायला लागले, आणि पस्तिसाच्या आधीच माझा हात नसलेली दोरी मनगटाला गुंडाळायला लागला.